ट्रंककाकांची पाठ

ट्रंककाकांच्या बूथमध्ये कोणी रिसीव्हर कानाला लावला की काका उठून बाहेर जात. बाहेर म्हणजे दारापाशी नव्हे, थेट रस्त्यापलीकडे, कुंपणापर्यंत. तिथे बूथकडे पाठ करून उभे राहत आणि मोठ्यानं आरती म्हणत. आरती कुठलीही चाले. शंकराची अर्धी झाली की देवीची सुरू. सूर नव्हता, पण आवाज दणदणीत होता. पाऊस असला तर छत्री उघडून म्हणत. गिऱ्हाईक बोलून झालं, दारात येऊन खाकरलं, की काका आरती आहे तिथे सोडून परत येत.

मोखाड्यात नव्यानं बदलून आलेल्या माणसाला हा प्रकार वेडाचा वाटे. मीही पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "काका, तुम्ही इथं बसलात म्हणून काय बिघडतं? आम्ही काय गुपितं बोलतो?"

काका म्हणाले, "ताई, तुमचं गुपित आहे की नाही हे कळायलासुद्धा मला आधी ऐकावं लागेल. म्हणून मी जातो."

डोंगरातली माणसं फोनवर ओरडून बोलत. भिवंडीला कामाला गेलेल्या नवऱ्याशी बोलायला वांगणीकडून एखादी बाई उतरून येई आणि बकरी व्याली, दोन झाली, एक काळी आहे, हे सगळं अशा आवाजात सांगे की फोनशिवायही भिवंडीला ऐकू जावं. त्या वेळी काकांची आरती आणखी चढे. दोघांची जुगलबंदी चाललेली असे आणि आम्ही कचेरीच्या खिडकीतून हसत असू. बाई निघाली की काका तिला विचारत, "सगळं ठीक?" ती म्हणे, "ठीक." काळ्या करडाबद्दल सगळ्या बाजाराला कळलेलं असे, काकांना मात्र नाही. निदान ते तसं दाखवत.

ट्रंककाका हे नाव लोकांनी ठेवलेलं. ते टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. फिरवायची तबकडी नसलेले काळे फोन होते, ट्रंककॉल नोंदवून लोक तासन्‌तास वाट पाहत, त्या काळातले. कुठल्या एक्स्चेंजला होते ते मी लिहीत नाही. आसपासची पाच एक्स्चेंजं होती त्यांतलं एक, एवढं पुरे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपोआप जोडणारी यंत्रं आली तेव्हा खात्यानं त्यांना दुसरीकडे टेबल दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. गावी, मोखाड्याला येऊन बूथ टाकला. पुढे दहाएक वर्षांनी त्याच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणले आणि पाटीवर 'इंटरनेट' असं निळ्या रंगात लिहून घेतलं. ते त्या पाटीकडे पाहून म्हणत, "पूर्वी दोन माणसांचं बोलणं जोडायचो. आता सगळ्या जगाचं जोडतो, पण आरती किती मोठ्यानं म्हणू?"

आरती कॉम्प्युटरला उपयोगी नव्हती, म्हणून त्यांनी दुसरे उपाय काढले. दोन्ही पडदे भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि मध्ये दोरीवर चादर टाकली. गिऱ्हाईक उठलं की आत जाऊन त्यानं काय काय उघडलं होतं त्याची यादी न वाचता पुसायची, हे त्यांनी ठाण्याहून आलेल्या दुरुस्तीवाल्याकडून शिकून घेतलं होतं. पुसताना डोळे बारीक करत. चष्मा तर बाहेरच ठेवून जात. आम्हाला शिकवताना म्हणत, "जेवून उठलं की उष्टं काढून शेणगोळा फिरवतो ना, तसं. पुढचा येईल त्याला तुम्ही काय जेवलात ते दिसता कामा नये."

पासवर्डच्या बाबतीत ते फार कडक होते. आमच्या भागातल्या निम्म्या शिक्षकांचे पासवर्ड कुलदैवताचे होते आणि उरलेल्या निम्म्यांचे मुलीच्या नावाचे. काका म्हणत, "देव आणि मुलगी ह्या दोन्ही गोष्टी गावाला माहीत असतात. गावाला माहीत नसलेलं काहीतरी घाला." एका गुरुजींना काही सुचेना. तेव्हा काकांनी त्यांना आजीच्या बोलीतली एखादी झकास शिवी घालायला सांगितली. "साता समुद्रापलीकडचे हुशार लोक बसले तरी ही त्यांना सापडणार नाही." गुरुजी लाजले, पण घातली असणार, कारण पुढे कित्येक दिवस कॉम्प्युटरसमोर बसताना ते आधी इकडे-तिकडे बघत आणि मगच टाइप करत.

रेशनकार्डाची झेरॉक्स काढून दिली तर तिच्यावर ती कुठल्या कामासाठी आहे ते पेनानं आडवं लिहायला लावत. झेरॉक्स खराब आली तर गिऱ्हाइकाच्या देखत चार तुकडे करत. एकदा आमच्या कचेरीतल्या एका साहेबांना परदेशातल्या कुठल्याशा बाईची ईमेल आली. तिचे यजमान वारले होते आणि त्यांची इस्टेट ठेवायला तिला मोखाड्यातलाच माणूस हवा होता. साहेब दोन दिवस गप्प गप्प होते. तिसऱ्या दिवशी बँकेचा खातेनंबर घेऊन काकांकडे गेले. मेल वाचायला काकांनी नकार दिला, पण एवढंच विचारलं, "साहेब, ह्या बाईंनी तुम्हाला कुठं पाहिलं?" साहेबांनी विचार केला. "कुठंच नाही." "मग तुमचा नंबर घेऊन घरी जा आणि वहिनींना पाहा. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं आहे."

पाच देशांची बातमी पेपरात आली ती साधारण ह्याच सुमाराची. इंग्रजी बोलणारे पाच देश मिळून सगळ्या जगाचे फोन आणि ईमेल ऐकतात, असा आरोप परदेशात कोणीतरी केला होता. मला त्यातलं फारसं कळलं नाही. काका मात्र तो कागद हातात धरून पोट दुखेपर्यंत हसले. मी विचारलं, "एवढं काय झालं?"

"ताई, ही तर आमची पंगत," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पाच एक्स्चेंजांत पाच ऑपरेटर होते, सगळे तरुण आणि कंटाळलेले. बोलणं चालू आहे की संपलं हे बघायला ऑपरेटरला कळ वर करून क्षणभर ऐकावं लागे. क्षणभराची पाच मिनिटं कधी होत ते कळत नसे. त्यांच्या एका वरिष्ठानं सगळ्यांना गणपतीच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायला लावली, की आपल्या गावच्या माणसाचं बोलणं कधी ऐकणार नाही. पाचही जण देवाला मानणारे. शपथ मोडायची नाही, पण करमणूक तर हवी. तेव्हा त्यांनी वाट काढली. ह्यानं त्याच्या गावचं ऐकायचं, त्यानं ह्याच्या गावचं. दुपारी लाइनी मोकळ्या झाल्या की पाचही लाइनी जोडायच्या आणि जे ज्यानं ऐकलं ते सगळ्यांना वाढायचं. नोंदवहीत लिहायचं, 'लाइन टेस्टिंग'.

"ह्या पाच देशांचंही तेच आहे म्हणतात," काका पेपरवर बोट आपटत म्हणाले. "आपल्या देशातल्या माणसांचं चोरून ऐकायला कायद्यानं बंदी. मग तू माझ्यांचं ऐक, मी तुझ्यांचं ऐकतो, आणि संध्याकाळी अदलाबदल. कायदा शाबूत, शपथ शाबूत. एवढी मोठमोठी यंत्रं लावून अक्कल मात्र आमच्याएवढीच."

ही गोष्ट ते पुष्कळांना सांगत आणि ऐकणारे पोट धरून हसत. मीही हसले होते. त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग ते कोणाला सांगत नसत. तो मला पुढे कळला, कारण तो माझ्याबद्दल होता.

माझी तेव्हा तिशी ओलांडली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. खोडाळ्याला आमचं घर, वडील गुरुजी होते, ते वारल्यावर दादा, तोही शाळेत गुरुजीच, आणि वहिनी. मी रोज जीपनं मोखाड्याला जा-ये करत असे. नाशिकच्या एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारी धुळ्याकडचे एक गृहस्थ बसले होते, कृषी खात्यातले. विधुर होते. त्यांनी माझ्याकडे पट्टी मागितली, मी दिली, आणि तिसऱ्या दिवशी ती धुऊन परत केली. शाईचे डाग पडले होते म्हणून. पट्टी धुऊन परत करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. निघताना त्यांनी एका चिठोऱ्यावर ईमेलचा पत्ता लिहून दिला.

पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे पत्र घरात आलं की ते घराचं. दादा फोडायचा, वहिनी वाचायची, शेजारीण अर्थ लावायची. कोणाच्या मनात काळं नव्हतं, रीतच ती. फोन तर मधल्या खोलीत, सगळ्यांच्या मांडीवर. म्हणून एका गुरुवारी, बाजाराच्या गर्दीत, मी काकांकडे गेले आणि म्हटलं, "मला ईमेलचं खातं उघडून द्या."

काकांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभेच राहिले. "ताई, आधी एक ऐका. मग ठरवा, माझ्या दुकानात लिहायचं की नाही."

मला लहानपणी फिट येत असे. पंधराव्या वर्षानंतर आली नाही, पण गोळी चालू होती. घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. विसाव्या वर्षी एका चांगल्या घरी लग्न ठरलं. सुपारी फुटायच्या आठ दिवस आधी पलीकडून निरोप आला की जमणार नाही. त्यांना कळलं होतं. कसं कळलं, ते आम्हाला कधी उमगलं नाही. वडिलांनी बऱ्याच जणांवर संशय घेतला. माझ्या मामीशी तर ते मरेपर्यंत नीट बोलले नाहीत.

ते त्या दिवशी काकांनी सांगितलं. वडिलांनी डॉक्टरांना नाशिकला ट्रंककॉल लावला होता. गोळीचं मुलाकडच्यांना आपणहून कधी आणि कसं सांगावं, हे विचारायला. सांगणार होते ते. तो फोन वाटेवरच्या एका ऑपरेटरनं ऐकला. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णानं तो दुपारच्या पंगतीत वाढला. काका त्या वेळी मुलाच्या गावच्या एक्स्चेंजला होते. मुलाचे चुलते त्यांच्या शेजारी राहत. काकांनी ओट्यावर उभं राहून, अगदी भल्यासाठी म्हणून, त्यांना सांगितलं.

"माझी शपथ मोडली नव्हती, ताई," काका म्हणाले. "मी माझ्या गावच्या कोणाचंच काही ऐकलं नव्हतं. तुमच्या वडिलांचा आवाजसुद्धा मी ऐकला नाही. सगळं नियमात होतं. पुढे तुम्ही इथं रुजू झालात, आडनाव आणि गाव ऐकलं, आणि मी ओळखलं. सांगायला इतकी वर्षं लागली."

मी उठून बाहेर पडले. स्टँडवर जाऊन उभी राहिले आणि खोडाळ्याच्या दोन जीप समोरून भरून गेल्या तरी बसले नाही. लग्न मोडल्याचं दुःख कधीच ओसरलं होतं. मामीचं मात्र वाटत राहिलं.

पंधरा दिवस मी काकांच्या दुकानाकडे फिरकले नाही. एका शनिवारी दुसऱ्या गावी जाऊन तिथला कॅफे पाहिला. तिथे मालक सगळ्यांच्या मागे उंच खुर्चीवर बसून आपला पेपर वाचल्यासारखा सगळ्यांचे पडदे वाचत होता. एका गिऱ्हाइकाला तर त्यानं स्पेलिंग सांगितलं. पुढच्या गुरुवारी मी काकांकडे आले.

"काका, त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"दोनदा ग्रामपंचायतीला पडला. आता सासऱ्याच्या दुकानात बसतो."

"मग मी वाचले म्हणायचं. उघडा खातं."

काका हसले नाहीत. चष्मा काढून बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि आत येऊन यंत्र सुरू केलं. खात्याला माझं नाव देऊ नका म्हणाले. मी म्हटलं, लपवण्यासारखं मी काही करत नाही. त्यावर ते म्हणाले, "बोहाड्याच्या जत्रेत मुखवट्याआड कोण आहे, हे सगळ्या मोखाड्याला माहीत असतं. तरी नाचताना कोणी त्याला नावानं हाक मारतं का? माहीत असलं तरी हाक मारायची नाही, ह्याला रीत म्हणतात. चोरी नाही ती."

असे माझे गुरुवार सुरू झाले. मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, तीही एका बोटानं. लाइन मध्येच तुटे, वीज जाई, एक मेल जायला कधी दोन गुरुवार लागत. आम्ही काय लिहीत होतो? त्यांच्याकडच्या कापसावरची अळी, आमच्याकडची नागली, कचेरीतले साहेब. पण सात-आठ महिन्यांनी त्यांनी लग्नाचं सरळ विचारलं, आणि मला सरळ उत्तर द्यायचं होतं. त्याआधी गोळीचं सांगायचं होतं. ते मला माझ्या तोंडानं, माझ्या वेळेला सांगायचं होतं. एकदा दुसऱ्यानं सांगून झालं होतं. पुन्हा कोणाच्या ओट्यावरून ते त्यांच्या कानी जाणार असेल तर मला ते लग्नच नको होतं. आणि तरी तीन गुरुवार मी खुर्चीत बसून कापसाबद्दलच लिहून आले.

इकडे दादाला वास लागला होता. बहीण दर गुरुवारी तासभर कुठे बसते, ह्याची त्यानं चौकशी केली. काकांना येऊन विचारून गेला. काकांनी सांगितलं, "गुरुजी, दुकानात मी चष्मा लावत नाही." दादा वाईट माणूस नाही, नुसता मोठा भाऊ आहे. त्यानं मग दुसरा रस्ता धरला.

त्या गुरुवारी वीज गेली होती. दुपारची वेळ. मी आत चादरीमागे वीज येण्याची वाट पाहत बसले होते. बाहेर कोणीतरी आलं आणि म्हणालं, "ट्रंक्या, आहेस का रे?"

मी ओळखलं. अण्णा. पाचांपैकी उरलेले हे दोघे. अण्णा जव्हारला राहत आणि महिन्यातून एकदा बसनं येऊन काकांकडे जेवून जात. काकांना दुसरा जिवलग माणूस नव्हता.

"खोडाळ्याच्या गुरुजींची बहीण येते ना तुझ्याकडे?" अण्णा म्हणाले.

"येणारे पुष्कळ येतात."

"तिचा भाऊ आला होता माझ्याकडे. बिचारा काळजीत आहे. कोणाला लिहिते तेवढं सांग. नाव-गाव."

"त्यानं तिला विचारावं."

"ती सांगायची नाही."

"मग संपलं की."

"अरे, सख्खा भाऊ आहे. परका का आहे कोणी?"

"परक्याला कशाला हवी असते बातमी? नेहमी घरच्यालाच हवी असते."

मी खाकरायला हवं होतं. खाकरले नाही. अख्ख्या मोखाड्यात त्या दुकानात चोरून ऐकणारी मीच निघाले.

अण्णांचा आवाज खाली आला. "फुकट नाही मागत. तुझा विजू कुठं आहे, मला माहीत आहे."

विजू काकांचा मुलगा. नाव मी बदललं आहे. कॉलेज सोडण्यावरून बापाशी भांडून गेला होता, त्याला वर्ष होत आलं होतं. पत्र नाही, फोन नाही. काकू रोज जव्हारच्या बसच्या वेळेला दारात येऊन उभ्या राहत. काका तेवढ्यापुरते मागच्या दारी विहिरीवर जात.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काका उठले असावेत.

"बरा आहे?" त्यांनी विचारलं.

"तेही सांगतो. पत्तासुद्धा देतो. तू आधी हिचं सांग. आपली जुनी रीत, देणं-घेणं. तुझ्या तोंडानं नको सांगूस. मी जिल्ह्यांची नावं घेतो, तू नुसती मान हलव."

माझा हात माउसवर होता आणि यंत्र बंद होतं.

मग काका म्हणाले, "विजूनं तुला सांगितलं ना? मला सांगावं असं त्याला वाटलं असतं, तर माझा पत्ता त्याला ठाऊक आहे."

"बाप आहेस की कोण आहेस तू?"

"बाप आहे. उद्या येईल तेव्हा मी त्याची पाळत ठेवत होतो, असं त्याला वाटायला नको. तू त्याचं कोणाला सांगू नकोस, अण्णा. मलाही नको. चल, चहा घेऊ."

"चहा घाल चुलीत," अण्णा म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते जेवायला आले नाहीत.

वीज आली. काका बाहेरूनच म्हणाले, "ताई, कनेक्शन लावू?" मग थांबले. "तुम्ही आतच होता?"

"होते."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

काकांनी थोडा विचार केला. "कोणाला सांगू नका," ते म्हणाले. काकांनी माझ्याकडे काही मागितल्याची ही एकच आठवण. मग ते रस्ता ओलांडून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी मी कापसाबद्दल लिहिलं नाही. किती वर्षांची असताना फिट येत असे, शेवटची कधी आली, गोळी कुठली, एकदा लग्न कसं मोडलं, सगळं क्रमानं लिहिलं. कचेरीत टिपणी लिहितात तसं, मुद्द्यांना आकडे घालून. पाठवण्याचं बटण दाबलं आणि यंत्र गोगलगाईसारखं चालत राहिलं. मेल गेली तेव्हा काकांची दुसरी आरती संपत आली होती.

उत्तर दुसऱ्या गुरुवारी मिळालं. चार ओळी होत्या. 'माझ्या आईलाही फिट येत असे. चपलेचा वास द्यायचा नाही आणि तोंडात चमचा घालायचा नाही, एवढं मला माहीत आहे. गोळीचं नाव आमच्याकडच्या दुकानात विचारलं. मिळते. बाकी तुमचा काय विचार?'

मी बाहेर आले. काका रस्त्यापलीकडे होते. मी खाकरले, ते आले, माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. चष्मा टेबलावरच होता.

त्याच संध्याकाळी मी दादाला सांगितलं. तो आधी चिडला. म्हणाला, "सुमे, मला सगळ्यांच्या शेवटी कळतंय."

"सगळ्यांच्या आधी कळतंय. दुसऱ्या कोणाला माहीत नाही. बाहेर विचारत फिरलास, मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

ह्यावर वहिनी हसली, मग दादाही हसला, आणि दुसऱ्या दिवशी मी मामीला पत्र लिहिलं. तिला सगळं कळवलं. काकांचं नाव न घेता, एका ऑपरेटरनं ऐकलं एवढंच. ते पत्र तिच्या घरात सगळ्यांनी फोडून वाचलं असेल. ह्या वेळी तसंच व्हावं असं मला वाटत होतं.

लग्न खोडाळ्यालाच झालं. काका-काकू दोघंही आले. जेवणाच्या पंगतीत काका नेमके ह्यांच्या शेजारी बसले. भात कालवता कालवता गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जावईबापू, आपलं गाव कुठलं?"

ह्यांना काकांचं सगळं माहीत होतं. वीज गेली की काका काय म्हणतात ते मी प्रत्येक मेलमध्ये लिहीत असे. ह्यांनीही तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "धुळ्याकडे."

"असं होय. लांब आहे. कसं जमलं मग?"

"नाशिकला ओळख झाली."

"नाशिक मधोमध पडतं," काका म्हणाले आणि आणखी वरण मागितलं. मी समोर हातात तुपाचं भांडं घेऊन उभी होते. माझ्याकडे त्यांनी नजरसुद्धा वळवली नाही.

विजू पुढे वर्षभरानं आला, आपल्या पायांनी. कुठे होता, हे काकांनी त्याला विचारलं की नाही, मला माहीत नाही. तो आल्यावर काकांनी दुकानात तिसरी खुर्ची टाकली, एवढं मी पाहिलं. मग माझी बदली झाली. डोंगरांवर मोबाइलचे टॉवर उभे राहिले आणि वांगणीची बाई आपल्या अंगणातून भिवंडीला ओरडू लागली. काकांनी बूथ बंद केला. जो तो आपला फोन हातात घेऊन रस्त्यात, जीपमध्ये, बाजारात मोठमोठ्यानं बोलतो हे पाहून ते म्हणत, "आता मी कुठं कुठं जाऊन उभा राहू?" पण हसत म्हणत.

हे सगळं मी आता लिहिते आहे ते ह्यांना दाखवून आणि विजूला विचारून. माझं मी सांगू शकते. इतरांचं मला माहीत नाही.

काका गेले तेव्हा मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेले तोवर सगळं आटोपलं होतं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. शिक्षक, कचेरीतली माणसं, डोंगरातून उतरलेल्या बायका. अण्णाही होते, भिंतीला टेकून. डोळे सुजलेले. शेजारच्या घरून चहा आला. एक शिक्षक म्हणाले, "माझ्यावर त्यांचे फार उपकार होते." एक म्हातारा म्हणाला, "माझ्यावर पण." हळूहळू प्रत्येकानंच तसं म्हटलं, आणि मग सगळे आपापल्या कपात पाहू लागले.

अण्णांना राहवलं नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, "कसलं गं काम केलं होतं त्यानं तुझं?"

"होतं एक," ती म्हणाली आणि रिकामे कप गोळा करायला उठली.